प्रत्येक कामाचा सर्वात कमी दर एक्सेलमध्ये रंगवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या इमारतीच्या बाहेरच्या दुरुस्तीसाठी पाच कॉन्ट्रॅक्टरांची कोटेशनं आली आहेत. ती तुम्ही एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडलीत आणि प्रत्येक कामासमोर ज्याचा दर सर्वात कमी, तो सेल हिरवा व्हायला हवाय. 'बॉटम १० आयटम्स' लावून पाहिलं तर सगळा हिरवा रंग रंगकामाच्या दोन-तीन ओळींतच गोळा झाला, आणि कुणीतरी दिलेला दुसरा फॉर्म्युला टाकला तर रिकामे सेलसुद्धा रंगले.

दोन्ही गोष्टी एक्सेलने बरोबरच केल्या आहेत, फक्त तुम्ही विचारलेला प्रश्न वेगळा होता. 'बॉटम १०' हा नियम तुम्ही निवडलेला सगळा भाग एकाच ढिगासारखा बघतो. रंगाचा दर चौरस फुटाला १८ रुपये आणि पॉलिमर मॉर्टरचा (काँक्रीट दुरुस्तीचा खास मसाला) ३२० असेल, तर ढिगातले सर्वात लहान आकडे रंगकामातच सापडणार. तुम्हाला हवाय प्रत्येक ओळीपुरता लहान आकडा. त्यासाठी तयार बटण नाही, फॉर्म्युला लिहावा लागतो. अर्थात एका ओळीचाच.

मी असं धरून चालतो की ए कॉलममध्ये कामाचं नाव आहे, बीमध्ये एकक, सीमध्ये परिमाण आणि डी ते एच हे पाच कॉन्ट्रॅक्टरांचे दर. पहिल्या ओळीत त्यांची नावं आणि २ ते २३ या ओळींत बावीस कामं. फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहितोय. टाईप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे इंग्रजीत टाका.

डी२ वर क्लिक करून एच२३ पर्यंत ओढा. मग होम टॅबमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि यादीतला सगळ्यात खालचा पर्याय, 'यूज अ फॉर्म्युला…'. तिथे हे लिहा:

=अँड(इझनंबर(डी२), डी२=मिन($डी२:$एच२))

इझनंबर विचारतं 'हा आकडा आहे का', मिन देतं सर्वात लहान आकडा. फॉरमॅट बटणावर जाऊन हिरवा फिल निवडा, ओके करा. झालं काम.

आता डॉलरच्या चिन्हाकडे बघा, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. $डी२ मध्ये डॉलर फक्त अक्षराच्या आधी आहे, आकड्याच्या आधी नाही. म्हणजे कॉलम डी ते एच पक्के, पण ओळ मोकळी. एक्सेल ई७ हा सेल तपासायला जातो तेव्हा फॉर्म्युला आपोआप 'ई७ बरोबर डी७ ते एच७ मधला किमान' असा होतो. डॉलर दोन्हीकडे लावलात, $डी$२:$एच$२, तर प्रत्येक ओळीची तुलना पहिल्याच कामाच्या दरांशी होईल आणि खाली जवळजवळ काहीच रंगणार नाही. डॉलर अजिबात लावला नाहीत तर ई कॉलमसाठी रेंज ई ते आय होईल, एफसाठी एफ ते जे, आणि रंग असे काही विखुरतील की कारण शोधता शोधता दुपार जाईल. त्या खिडकीत माउसने सेल निवडलात तर एक्सेल दोन्ही डॉलर स्वतःहून लावतो, म्हणून हाताने टाईप केलेलं बरं. आणि तिथे डाव्या-उजव्या बाणाने कर्सर हलवायला गेलात तर फॉर्म्युल्यात भलतेच सेल घुसतात. आधी कीबोर्डवरची एफ२ ही की दाबा, मग बाण नीट चालतात.

दुसरी खोड निवडीच्या दिशेची. फॉर्म्युल्यातला डी२ हा निवडीतल्या सक्रिय सेलला, म्हणजे ज्या सेलपासून ओढायला सुरुवात केली आणि जो पांढरा दिसतो त्याला, लागू होतो. तुम्ही एच२३ पासून वर डी२ पर्यंत ओढलंत तर सक्रिय सेल एच२३ ठरतो आणि सगळा हिशोब सरकतो. फॉर्म्युला अक्षरशः बरोबर, रंग मात्र चुकीचे, असं दिसलं की मी आधी 'मॅनेज रूल्स' उघडतो. तिथे नियम कुठल्या रेंजला लागलाय आणि त्यातला पहिला सेल फॉर्म्युल्यात काय म्हणून आलाय ते दिसतं.

रिकाम्या सेलचं कोडंही सरळ आहे. तुमच्या तक्त्यात 'अ) प्लास्टर', 'ब) वॉटरप्रूफिंग' अशा विभागांच्या मथळ्याच्या ओळी असणार, ज्यांत दर नसतात. पूर्ण रिकाम्या ओळीवर मिन शून्य देतं. आणि तुलना करताना एक्सेल रिकाम्या सेललाही शून्यच मानतो. शून्य बरोबर शून्य, म्हणून पाचही सेल हिरवे. इझनंबर लावला की रिकामा सेल पहिल्याच अटीत बाद होतो. स्मॉल (लहानापासून मोजत हव्या त्या क्रमांकाचा आकडा देणारं फंक्शन) वापरून 'यापेक्षा कमी किंवा इतकाच' अशी अट लावली, तर रिकामा सेल मथळ्याच्या ओळीत नसतानाही रंगतो, कारण शून्य हे कुठल्याही दरापेक्षा कमीच. तुम्हाला कुणीतरी दिलेला फॉर्म्युला बहुधा याच जातीचा असावा.

स्मॉलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रत्येक कामाचे सर्वात कमी दोन दर रंगवायचे असतील तर ते उपयोगी पडतं:

=अँड(इझनंबर(डी२), डी२<=स्मॉल($डी२:$एच२, २))

शेवटचा २ म्हणजे लहानात लहान आकड्यांतला दुसरा. पण स्मॉल सारखे आकडेही वेगवेगळे मोजतं. दर ८८, ८८, ९१ असतील तर 'दुसरा सर्वात लहान' हाही ८८ च येतो, आणि ९१ रंगत नाही. दोनच कॉन्ट्रॅक्टरांना वाटाघाटीला बोलवायचं असेल तर हे ठीकच आहे. आणि ओळीत एकच दर आला असेल तर स्मॉल दुसरा आकडा देऊ शकत नाही, एरर देतं. एरर आली की नियम लागूच होत नाही आणि तो एकमेव दरही बिनरंगाचा राहतो. तसं दिसलं तर घाबरू नका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. आपल्याकडे कोटेशनमध्ये दर '८५/-' असा लिहायची पद्धत आहे. कमिटीतल्या कुणीतरी तो जसाच्या तसा टाईप केला की एक्सेलच्या दृष्टीने तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. 'रु. ८५', '८५ प्रति चौ. फूट', किंवा व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून चिकटवताना मागे राहिलेली एखादी न दिसणारी मोकळी जागा, सगळ्यांची गत तीच. मिन मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही. परिणाम असा की खरा सर्वात कमी दर ८५ असताना ८८ हिरवा होतो, आणि डोळ्यांना तो ८५ शेजारीच दिसत असतो. कुणी एरर दाखवत नाही, कुणी ओरडत नाही.

ओळखायचं कसं? आकडे सेलच्या उजव्या बाजूला चिकटतात, मजकूर डाव्या. पण आपण सगळं सेंटर केलेलं असतं, त्यामुळे हा भेद पुसला जातो. म्हणून मी रंगाचा नियम लावण्याआधी प्रत्येक कॉलमखाली दोन फॉर्म्युले टाकतो, =काउंट(डी२:डी२३) आणि =काउंटए(डी२:डी२३). पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं जे काही लिहिलंय ते सगळं. दोन उत्तरं वेगळी आली की त्या कॉलममध्ये मजकूर घुसलाय. दुरुस्तीसाठी कॉलम निवडून 'फाइंड अँड रिप्लेस'ने '/-' काढून टाका. तरीही आकडा मजकूरच राहिला तर डेटा टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडून काहीही न बदलता थेट फिनिश दाबा; बहुतेक आकडे जागच्या जागी खरे आकडे होतात. '/-' दिसायलाच हवं असा आग्रह असेल तर तो सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये द्या, टाईप करू नका.

शून्याचंही बघायला हवं. परांचीच्या ओळीत एखादा कॉन्ट्रॅक्टर ० लिहितो, कारण परांचीचा खर्च त्याने प्लास्टरच्या दरात धरलेला असतो. नियम त्या शून्याला इमानाने हिरवं करणार. शून्य वगळून किमान काढायचं असेल तर मिनइफ्स आहे:

=अँड(इझनंबर(डी२), डी२>०, डी२=मिनइफ्स($डी२:$एच२, $डी२:$एच२, ">०"))

हे एक्सेल २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि गूगल शीट्समध्ये चालतं. सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर २०१० किंवा २०१३ असेल तर मिनइफ्सच्या जागी मिन(इफ($डी२:$एच२>०, $डी२:$एच२)) लिहा. साध्या सेलमध्ये हा फॉर्म्युला कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून टाकावा लागतो, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये मात्र त्याची गरज पडत नाही. माझं मत विचाराल तर इतकी कसरत नकोच. शून्याच्या जागी 'समाविष्ट' असा शब्द लिहा. मिन तो सोडून देईल, आणि वाचणाऱ्यालाही कळेल की परांची फुकट नाही, दुसऱ्या ओळीत दडली आहे.

गूगल शीट्स वापरत असाल तर फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग, आणि अटींच्या यादीत अगदी तळाला 'कस्टम फॉर्म्युला इज'. रेंजच्या चौकटीत डी२:एच२३ टाका. फॉर्म्युला तोच चालतो आणि तिथे तो नेहमी रेंजच्या डावीकडच्या वरच्या सेलपासून मोजला जातो, त्यामुळे निवडीच्या दिशेची भानगड नाही. लिबरऑफिसमध्येही फॉर्म्युल्याचा पर्याय आहे.

रंगाबरोबर नावही हवं असेल, म्हणजे शेवटच्या कॉलममध्ये 'या कामात सर्वात कमी कोण', तर आय२ मध्ये हे टाकून खाली ओढा:

=इंडेक्स($डी$१:$एच$१, मॅच(मिन(डी२:एच२), डी२:एच२, ०))

मॅच पहिला जुळणारा सापडला की थांबतं. दोघांचा दर सारखा असेल तर डावीकडच्याचंच नाव येणार. मीटिंगमध्ये हा मुद्दा तापू शकतो, कारण ज्याचं कोटेशन आधी टाईप झालं त्याला फुकटचा मान मिळतो. रंगाच्या नियमात ही अडचण नाही, तिथे दोघेही हिरवे होतात. म्हणून नावाचा कॉलम ठेवलात तरी रंग काढू नका. नवीन आवृत्ती असेल तर टेक्स्टजॉइनने दोन्ही नावं आणता येतात:

=टेक्स्टजॉइन(", ", ट्रू, इफ(डी२:एच२=मिन(डी२:एच२), $डी$१:$एच$१, ""))

मथळ्याच्या ओळींत हे फॉर्म्युले ओढू नका. इंडेक्सवाला तिथे एरर देईल आणि टेक्स्टजॉइन पाचही नावं ओतेल, कारण पुन्हा तेच, रिकामं बरोबर शून्य.

एक साधी गोष्ट बरेचजण विसरतात. हा तक्ता शेवटी झेरॉक्स होऊन नोटीस बोर्डावर लागतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिकट हिरवा पूर्ण गायब होतो आणि गडद हिरवा काळपट डाग होऊन आकडाच झाकतो. नियमाच्या फॉरमॅटमध्ये फिलसोबत बोल्ड आणि चारही बाजूंना बारीक बॉर्डर द्या. जाड बॉर्डर किंवा मोठा फॉन्ट कंडिशनल फॉरमॅटिंग देत नाही, पण बोल्ड आणि बारीक चौकट पुरते.

आणि सुधारित दर आले की ते चिकटवताना पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा. साधं पेस्ट केलंत तर मूळ फाइलचं फॉरमॅटिंगही सोबत येतं, नियमाचे तुकडे होतात, आणि काही दिवसांनी 'मॅनेज रूल्स'मध्ये तोच नियम डझनभर वेळा वेगवेगळ्या रेंजना लागलेला दिसतो.

इथपर्यंत एक्सेल झालं. आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरेदीच्या कामात मला रोज बघावं लागतं ते. हिरवा सेल इतकंच सांगतो की हा आकडा लहान आहे. हा दर स्वस्त आहे हे कळायला पाचही आकडे एकाच मापात असावे लागतात, आणि कोटेशनं तशी येत नाहीत.

एककं बघा. समजा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला चौघांनी चौरस फुटाला १४० ते १६५ दिलेत आणि पाचव्याने १,४५० लिहिलेत. तो महागडा म्हणून सगळे हसतील. पण त्याने दर चौरस मीटरचा दिलाय. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट बसतात, म्हणजे त्याचा दर फुटाला सुमारे १३५ रुपये, पाचांत सर्वात कमी. डेब्रिज उचलण्याचा दर कुणी ब्रासवर देतो, कुणी ट्रकच्या खेपेवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे ठरलेलं आहे, खेपेत किती माल मावतो हे ट्रकवर अवलंबून, तेव्हा ते कॉन्ट्रॅक्टरकडून लिहूनच घ्या. जुने गवंडी प्लास्टरही ब्रासवर सांगतात, तिथे शंभर चौरस फूट धरतात.

मग जीएसटी. एकाने ११२ रुपये करासह दिलेत, दुसऱ्याने ९६ अधिक कर. १८ टक्के धरले तर ९६ चे ११३ रुपये २८ पैसे होतात, आणि हिरवा रंग ९६ वरून उडून ११२ वर जातो. म्हणून कोटेशनचे आकडे एका शीटवर जसेच्या तसे ठेवा, दुसऱ्या शीटवर एकच एकक आणि करासह असे फिरवून घ्या, आणि रंगाचा नियम फक्त दुसऱ्या शीटवर लावा. फिरवलेले दर राउंडने दोन दशांशांवर आणा. नाहीतर दिसायला सारखे असलेले दोन दर दहाव्या दशांशाला वेगळे निघतात आणि एकच हिरवा होतो.

अति कमी दरासाठी मी दुसरा एक नियम केशरी रंगात लावतो:

=अँड(इझनंबर(डी२), डी२<०.७५*मीडियन($डी२:$एच२))

समजा बाहेरच्या प्लास्टरचे दर ९५, ८८, १०२, ९१ आणि ५२ आहेत. मधला दर ९१, त्याचे पाऊण म्हणजे ६८ रुपये २५ पैसे. ५२ केशरी होतो. असा दर देणाऱ्याने एक तर काम समजून घेतलेलं नसतं, एकाच हाताचं प्लास्टर धरलेलं असतं, किंवा नंतर 'एक्स्ट्रा'त वसूल करायचा बेत असतो. फोन करून विचारा, कधीकधी नुसती टायपिंगचीच चूक असते. सरासरीऐवजी मीडियन अशासाठी की एक वेडावाकडा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढतो, मीडियनला फारसा ओढत नाही. पाऊण हा माझा आकडा आहे, तुम्ही सत्तर टक्के धरा हवं तर. 'मॅनेज रूल्स'मध्ये केशरी नियम हिरव्याच्या वर ठेवा, म्हणजे दोन्ही लागू झाले तर केशरी दिसेल.

आता एल-वन, म्हणजे सर्वात कमी रकमेचा कॉन्ट्रॅक्टर. बावीस कामांचे बावीस हिरवे दर जोडून जी बेरीज येते, त्या किमतीत कुणीही काम करून देणार नाही. प्रत्येकाने एका कामात कमी करून दुसऱ्यात भरून काढलेलं असतं. म्हणून तुलना करायची ती एकूण रकमेची. २५ व्या ओळीत डीखाली =समप्रॉडक्ट($सी$२:$सी$२३, डी२:डी२३) लिहून एचपर्यंत ओढा (हे प्रत्येक परिमाण गुणिले दर करून सगळ्याची बेरीज देतं) आणि त्या ओळीला हिरव्याचाच नियम वेगळ्या रंगात द्या. तिथे पुन्हा खड्डा आहे: समप्रॉडक्ट रिकाम्या सेलला आणि मजकुराला शून्य धरतं. ज्याने तीन कामांचे दर दिलेच नाहीत, तो आपोआप सर्वात स्वस्त. 'समाविष्ट' लिहिलेले सेल सोडले तर मघाचं काउंट पाचही कॉलमांखाली सारखं येतंय ना, हे बघितल्याशिवाय ती ओळ कुणाला दाखवू नका.

आणि परिमाणाचा कॉलम गोठलेला समजू नका. प्लास्टर फोडल्यावर आत सळया किती गंजल्यात हे दिसतं, त्यामुळे पॉलिमर मॉर्टरचं काम अंदाजापेक्षा वाढणं नेहमीचंच. समजा पहिल्याची एकूण रक्कम ४१,८०,००० आणि दुसऱ्याची ४२,३५,०००, म्हणजे फरक ५५,००० चा. पॉलिमर मॉर्टरचा पहिल्याचा दर ३२०, दुसऱ्याचा २१०, आणि अंदाज ६०० चौरस फुटांचा. दर चौरस फुटाला ११० चा फरक, तेव्हा काम ५०० फुटांनी वाढून ११०० झालं की दोघे बरोबरीत येतात. त्यापुढे दुसराच स्वस्त. सी कॉलमची एक प्रत जे कॉलममध्ये काढा, पॉलिमर मॉर्टर आणि भेगा भरण्याच्या ओळींत आकडा दीडपट आणि दुप्पट करून बघा, आणि २६ व्या ओळीत त्यावर तेच समप्रॉडक्ट लावा. रंग एका कॉन्ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर उडी मारत असेल, तर वर्क ऑर्डर देण्याआधी पहिल्याला बोलवून नेमक्या त्या दोन कामांचे दर खाली आणायला सांगा.